भोंगेबाईंची खुर्ची

आमच्या थोरल्या जाऊबाईंना कारखान्यात भोंगेबाई म्हणतात. पाठीमागे, बरं का. तोंडावर म्हणायची कुणाची छाती आहे? मी त्यांना ताई म्हणते, तोंडावर आणि पाठीमागेही, कारण आम्ही एकाच घरात राहतो आणि बाईचे कान भलतेच तिखट आहेत.

त्या कंट्रोल रूममध्ये पॅनेल ऑपरेटर आहेत आणि मी भिंतीपलीकडच्या लॅबमध्ये. आमच्याकडे रेझिन बनतं. रंगात, प्लायवूडच्या गोंदात जातं ते चिकट प्रकरण. एका मोठ्या बंद भांड्यात, रिअॅक्टरमध्ये, ते शिजतं, आणि शिजताना त्याला एक खोड आहे. एकदा रंगात आलं की आच बंद केली तरी ते आपलं आपणच तापत राहतं. म्हणून भांड्याभोवती थंड पाणी खेळतं ठेवावं लागतं. ते पाणी थांबलं आणि वेळेवर कुणाच्या लक्षात आलं नाही, तर भांडं फाटतं आणि आसपासच्या माणसांचं काय होतं ते सांगायला नको.

पूर्वी म्हणे एकेका व्हॉल्व्हपाशी माणूस उभा असायचा. आता डीसीएस आहे. शेडमध्ये जागोजागी राखाडी कपाटं आहेत, प्रत्येक कपाट आपापल्या भागाचं पाणी, दाब, तापमान सांभाळतं, एखादं आजारी पडलं तरी बाकीची काम सोडत नाहीत, आणि सगळ्यांची खबर कंट्रोल रूमच्या पडद्यांवर येते. सासूबाईंनी एकदा विचारलं, हे असतं तरी काय? मी म्हटलं, "आपल्या घरासारखंच की. कामं सुनांना वाटून दिलेली, आणि तुम्ही मधल्या खोलीत बसून सगळ्यांवर डोळा ठेवणार." तर म्हणतात, "मग बरं आहे. तिथली कपाटं तरी सांगितलेलं ऐकत असतील."

काही बिनसलं की पडद्यावर एक ओळ लाल होते आणि भोंगा वाजतो. बटण दाबलं की भोंगा गप्प. आता हा भोंगा दिवसभर खऱ्या-खोट्या कारणांनी इतका कोकलतो की बाकीचे ऑपरेटर मान वर न करता बटण दाबतात, डास मारावा तसं. त्यातला एक तर इतका गार डोक्याचा की त्याला सगळे थंडोबा म्हणतात. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताने बटण, आणि कपातला चहा हलायचासुद्धा नाही. आमच्या ताईंचं तसं नाही. भोंगा वाजला की त्या उभ्या राहणार, लाल ओळ खणखणीत वाचणार, "टाकी दोन, पातळी जास्त!" आणि मगच बटण दाबणार. निम्मी खोली दचकते. घरीही तेच. झोपायच्या आधी "गॅस बंद! नळ बंद! कडी लावली!" सासूबाई आतून ओरडतात, "ऐकली गं बाई कडी, झोपू दे आता!"

ही सवय कुठून लागली ते ताईंच्या हातावर लिहिलंय. त्या पॅकिंगमध्ये, जिथे वाळवून भुकटी केलेलं रेझिन भरतात, पोत्यांची तोंडं शिवायला लागल्या होत्या. तिथून धडपड करून फील्डवर गेल्या, म्हणजे खाली शेडमध्ये व्हॉल्व्ह फिरवायला. एक दिवस वर पॅनेलवरच्या कुणा शहाण्याने भोंगा न बघताच गप्प केला आणि ज्या तापल्या पाइपासाठी तो वाजला, खाली ताई नेमक्या त्याच्यापाशी होत्या. कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याची खूण आहे. झाकत नाहीत. उलट बाह्या वर करून बसतात. मग परीक्षा दिल्या, एकदा नापास झाल्या, पुन्हा दिल्या, आणि पॅनेलची खुर्ची मिळवली. एका हाताला चिकटपट्टी गुंडाळलेली, चाकं कुरकुरणारी खुर्ची ती, पण ताई तिच्यात अशा बसायच्या की वाटावं, ही बाई इथेच जन्मली. "भोंगा म्हणजे खालच्या माणसाची हाक," त्या म्हणायच्या. "हाकेला ओ न देता त्याचं तोंड दाबायचं, ही कुठली रीत?"

तर त्या वर्षी मुख्य कचेरीतून पाहुणे येणार होते. झालं! अंगात आल्यासारखा कारखाना धावायला लागला. पाइपांना रंग, कुंड्यांना गेरू, जिना पुसून इतका गुळगुळीत की लॅबचा शिपाई दोनदा घसरला. आणि मोठ्या साहेबांचा, म्हणजे प्लांट मॅनेजरचा, हुकूम सुटला की त्या दिवशी पडद्यावर लाल काही दिसता कामा नये.

आता लाल दिसू नये म्हणून लाल होण्याचं कारण दुरुस्त करावं, असं तुम्हा-आम्हाला वाटेल. आपण अडाणी. इन्स्ट्रुमेंटवाला, म्हणजे मीटर-वायरी बघणारा, आला आणि ज्या ज्या अलार्मची कटकट होती तो एकेक झाकत सुटला. आमच्याकडे पाहुण्यांच्या आधी अशीच साफसफाई होते, केर गालिच्याखाली. पण एक अलार्म अडला. रिअॅक्टर एकच्या थंड पाण्याचा. त्याचा आकडा आठवडाभर वेड्यासारखा खालीवर नाचत होता, भोंगा उठसूट वाजत होता, आणि दर वेळी फील्डवरचा माणूस पाणी बघून 'चालू आहे' कळवत होता. असा जोखमीचा अलार्म झाकायला पाळीवरच्या ऑपरेटरचा पासवर्ड लागतो, आणि पाळी ताईंची.

"दुरुस्त करा," ताई म्हणाल्या. "झाकायचा नाही."

"नवीन पार्ट आलेला नाही अजून," तो म्हणाला.

"मग वाजू दे."

शेवटी साहेब स्वतः आले. गोड बोलले. "बाई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"साहेब, एक दिवस तुमचं नाक दाबून ठेवलं तर चालेल?"

साहेब पाय आपटत गेले. मी दारात उभी होते, मला हसू आवरेना. ताईंनी डोळे वटारले तशी मी लॅबमध्ये पळाले.

पाहुणे आले त्या दिवशी मी सॅम्पलचे निकाल द्यायला कंट्रोल रूममध्ये गेले होते, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. कोरी करकरीत हेल्मेटं घातलेले पाहुणे पडद्यांसमोर उभे, साहेब हातवारे करून सांगतायत, आणि भोंगा वाजला. ताई उठल्या.

"रिअॅक्टर एक, थंड पाणी, शून्य!"

एका पाहुण्याच्या हातातली बाटली पडली. साहेब हसले, "तो आकडा जरा खोडकर आहे हो आमचा."

ताईंनी वॉकीटॉकी उचलला. "फील्ड, रिअॅक्टर एकचं पाणी बघ, चालू आहे का?" उत्तर नाही. "फील्ड, ऐकतोस का?" उत्तर नाही. तेवढ्यात पाहुण्यांच्या घोळक्यामागून आवाज आला, "बाई, मी इथे आहे."

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. खाली शेडमध्ये असायचा तो फील्डवरचा गडी दारापाशी उभा, उरलेल्या हेल्मेटांची चळत दोन्ही हातांत धरून. साहेबांनीच त्याला फाटकावर हेल्मेटं वाटायला बोलावलं होतं. वॉकीटॉकी वॉचमनकडे दिलेला.

"तू इथे? मग खाली कोण आहे?"

"कुणीच नाही," तो म्हणाला, आणि हेल्मेटं टाकून पळत सुटला. पण शेड काय भिंतीला लागून आहे? आणि भांडं नेमकं रंगात आलेलं. तापमान अजून जागेवर होतं, पण ते चढताना दिसेपर्यंत वेळ गेलेली असते, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनाही.

"थांबा बाई, घाई नको," साहेब दातांमधून म्हणाले. "पाणी चालू असणारच."

"असणारच, की आहे?"

"असणारच हो!"

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही. मलाही नाही." ताईंनी लाल बटणावरचं प्लास्टिकचं झाकण उघडलं आणि बटण दाबलं.

ते बटण दाबलं की अख्खा प्लांट बंद पडतो आणि भांड्यात एक औषध सुटतं, त्याने शिजणं थांबतं, पण आतला माल दगड होतो. मोठा सायरन वाजला. सगळे मैदानात जमले. पाहुणे त्यांच्या चकचकीत बुटांत उन्हात उभे, साहेब त्यांच्यामागे, आणि साहेबांचा चेहरा रंगवलेल्या पाइपासारखा लाल.

आणि मग फील्डवाल्याची खबर आली. पाणी चालू होतं. सगळा वेळ धो धो चालू होतं. आकडा दाखवणाऱ्या मीटरची एक वायर सैल झाली होती, बस्स.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. भांड्यातला दगड फोडायला माणसं छिन्नी-हातोडी घेऊन आत उतरली आणि प्रत्येक घावाला ताईंच्या नावाने शिमगा. पाहुणे न जेवता गेले. कॅन्टीनमध्ये ताई नळापाशी गेल्या की कुणीतरी ओरडायचं, "बाई, पाणी चालू आहे हो!" हसतात मेले! मला असा राग यायचा की एकाच्या ताटात मी चमचाभर मीठ ओतून आले. ताईंना सांगितलं नाही.

साहेबांनी ताईंना बोलावून सरळ सांगितलं. महिन्याच्या सभेत सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, मी घाबरले, माझी चूक झाली. म्हटलं तर खुर्ची राहील. नाही म्हटलं तर परत पॅकिंगमध्ये, जिथून आलात तिथे.

त्या संध्याकाळी आमच्या घरी जो गोंधळ झाला तो पुसू नका. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बोलून टाक एकदा चूक झाली म्हणून. जीभ काय झिजते? इतकी वर्षं घासलीस त्या खुर्चीसाठी." थोरले दीर म्हणाले, "मी लग्नापासून ओळखतो हिला. तुम्ही बोलून बघा, मी भांडी घासतो," आणि खरंच मोरीत जाऊन बसले. शहाणा माणूस.

"चूक झाली असती तर म्हटलं असतं," ताई म्हणाल्या.

"पाणी चालू होतं ना पण?"

"होतं. मला दिसत नव्हतं. बघणारा माणूस साहेबांनी हेल्मेटं वाटायला नेला होता."

सासूबाई भाजी निवडायच्या थांबल्या. "म्हणजे तिथे माणूसच नव्हता?"

"नव्हता."

"दूध चुलीवर, आणि स्वयंपाकघरात कुणी नाही?" सासूबाईंचा आवाज चढला. "मग गॅस बंदच करायचा असतो! दूध उतू गेलं नाही म्हणून गॅस बंद करणारीला बोलतात होय? कोण तो साहेब? त्याच्या घरी बाई माणूस नाही का कुणी?" झालं, पक्ष बदलला. आता म्हातारी ताईंपेक्षा जास्त पेटली.

पण नंतर मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना ताई मला म्हणाल्या, "मला ती खुर्ची हवीय गं. फार हवीय. पॅकिंगच्या त्या धुळीत पुन्हा जायचं म्हटलं की जीव गुदमरतो." मला वाटलं, आता डोळ्यांना पदर लावतील. कसलं काय! ओला टॉवेल असा पिळला की साहेबांचीच मान हातात आहे. "पण मी घाबरले असं म्हटलं ना, तर उद्या खुर्चीत बसणारा कुणीही बटण दाबायच्या आधी दहादा मागे बघेल. साहेब काय म्हणतील म्हणून. आणि खाली कुणीतरी उभं असेल."

सभा झाली. आम्ही लॅबवाले मागच्या बाकांवर होतो. साहेब म्हणाले, "बाईंना काही सांगायचंय." ताई उठल्या, बाह्या वर.

"पाणी चालू होतं. ते मला माहीत नव्हतं, साहेबांनाही माहीत नव्हतं. ज्याला माहीत असायला हवं तो हेल्मेटं वाटत होता. पुन्हा मला माहीत नसेल तर मी पुन्हा दाबेन. आणि मी घाबरले नव्हते. तुम्ही घाबरला होतात, साहेब, पाहुण्यांना."

दुसऱ्या दिवशीपासून ताई पॅकिंगमध्ये.

तिथल्या जुन्या मैत्रिणी म्हणाल्या, "या या, माहेरी आलात!" ताई हसल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि शिलाईच्या मशीनपाशी उभ्या राहिल्या. तिथे बसायला काही नसतं. पोत्यांवरचा छापसुद्धा मोठ्याने वाचायच्या, सवय जाते कुठे? संध्याकाळी घरी यायच्या तेव्हा भुवया पिठाळलेल्या असायच्या. मी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्यांच्याकडे जायचे. एकदा म्हटलं, "ताई, वाईट वाटतं का हो?" तर म्हणाल्या, "वाटतं. रोज वाटतं. तू लोणचं आणलंस का?"

खुर्चीत आता थंडोबा. पार्ट अजून आला नव्हता, वायर नुसती पिळून ठेवली होती. आणि साहेबांनी काय शिकावं? काही नाही. एका दुपारी त्यांची गाडी चालू होईना, तर ती ढकलायला फील्डवरच्या गड्याला बोलावलं. तो बिचारा वाकून गाडी ढकलतोय, वॉकीटॉकी खिशातून निसटून गवतात पडलेला, आणि इकडे भोंगा वाजला.

मी लॅबमध्ये होते. भोंगा ऐकला आणि नेहमीसारखा लगेच गप्प होईल म्हणून वाट बघितली. झाला नाही. मग भिंतीपलीकडून आवाज आला. कापरा, फाटका, आधी कधी न ऐकलेला.

"रिअॅक्टर एक... थंड पाणी... शून्य!"

थंडोबा वाचत होता! मी सगळं टाकून धावले. तो उभा होता, वॉकीटॉकीत तीनदा हाक मारली, उत्तर नाही. शेवटी त्याने चहाचा कप खाली ठेवला. थंडोबाने चहा खाली ठेवलेला मी पहिल्यांदा पाहिला. आणि बटण दाबलं.

पाणी ह्याही वेळी चालू होतं. वायरच.

पुन्हा सभा. साहेबांनी टेबलावर हात आपटला. "बोला, चूक झाली म्हणा."

थंडोबा सावकाश उठला. "साहेब, मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. ज्याला माहीत असायला हवं तो तुमची गाडी ढकलत होता." मग जरा खाकरून म्हणाला, "बाईंचंच वाक्य आहे. मला स्वतःचं सुचत नाही."

"ठीक आहे! उद्यापासून ह्याच्या जागी कोण बसतं?"

त्या खुर्चीसाठी आमच्याकडे लोक कोपराने एकमेकांना ढकलतात. कुणी हललं नाही. साहेबांनी एकेकाकडे पाहिलं. एक ऑपरेटर बुटाची नाडी बांधायला वाकला, दुसऱ्याला छताचा पंखा फार आवडला. हेल्मेटवाला फील्डचा गडी मात्र सरळ साहेबांकडे बघत होता. मला इतका अभिमान वाटला ह्या मेल्यांचा, ज्यांच्यातल्या एकाच्या ताटात मी मीठ ओतलं होतं!

खुर्चीत बसायला कुणी तयार नाही म्हटल्यावर प्लांट चालणार कसा? मग चक्रं फिरली. पार्ट, जो जगात कुठे मिळत नव्हता, तो आठवड्यात आला. आणि पुढच्या सभेला पॅकिंगवाल्यांनाही बोलावलं. ताई शेवटच्या बाकावर, कोपरापर्यंत पांढऱ्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

साहेब कागद घेऊन उभे राहिले. आधी बरंच इकडचं तिकडचं बोलले. मग वाचलं, की पाणी दिसत नसेल आणि खाली माणूस नसेल तर ऑपरेटरने कुणालाही न विचारता प्लांट बंद करावा. फील्डवरच्या माणसाला दुसऱ्या कामाला नेऊ नये. बाई उद्यापासून पॅनेलवर परत. इथवर आवाज ठीक होता. पुढची ओळ त्यांनी हनुवटी छातीला लावून पुटपुटली आणि कागदाची घडी घालायला लागले.

ताई उभ्या राहिल्या. "साहेब, शेवटची ओळ मोठ्याने वाचा. मागे ऐकू आली नाही."

मी त्यांचा पदर ओढला. अहो, खुर्ची मिळाली ना! बसा की! त्यांनी माझ्या हातावर चापट मारली.

साहेब घडी घालतच राहिले. पहिल्या बाकावर साहेबांच्या अगदी नाकासमोर थंडोबा बसला होता. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"पुढेही नाही ऐकू आली, साहेब."

साहेबांनी घडी उलगडली. घसा साफ केला. "त्या दिवशी बाईंनी प्लांट बंद केला," ते मोठ्याने वाचू लागले, "ते बरोबर होतं. चूक माणूस हलवणाऱ्याची, म्हणजे माझी होती."

ताईंनी ओळ संपेपर्यंत उभं राहून ऐकली, आणि मग खाली बसल्या.